तीन नंबरचा मॉनिटर

हे घडलेलं आहे. ज्याच्यासमोर घडलं तो उदय माझ्या साडूचा मुलगा, कॉम्प्युटर जोडून द्यायची कामं करणारा. त्याला गोष्ट रचता येत नाही. शाळेत गाईवरचा निबंधसुद्धा तो शेजारच्याचा बघून लिहायचा.

साल एकोणीसशे नव्याण्णव. मे महिना. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडवरचं डीटीपीचं दुकान. रात्र नव्हती, भर दुपारचे साडेबारा. भुतांनी वेळ पाळायला हवी होती. नाही पाळली.

दुकान पंचशीलावहिनींचं. वहिनी पत्रिका टाइप करायच्या आणि त्यांचे मिस्टर, जीवन, डाव्या हाताला गादीच्या स्टुलावर बसून प्रूफ वाचायचे.

फेब्रुवारीत जीवन गेले. त्यानंतर दोन पत्रिका चुकीच्या छापून गेल्या.

"तिसरी चुकली की शटर खाली," वहिनी म्हणाल्या. "मग भावाकडं, नांदेडला."

दूध संपलंय म्हणावं तशा म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या एकदाही रडल्या नव्हत्या.

म्हणून हा दुसरा मॉनिटर, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. ज्याची पत्रिका, त्यानंच वाचावी.

उदयनं कॅबिनेट उघडून दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं, केबल जोडली, बकऱ्याच्या वजनाचा मॉनिटर उजवीकडे ठेवला. कॉम्प्युटर चालू केला.

सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसायला हवेत.

दिसले... तीन.

"वहिनी, तिसरा मॉनिटर कुठंय?"

"दोनच आहेत. तुम्हीच जोडले ना?"

उदयनं केबल मोजल्या. दोन. कार्डं मोजली. दोन. त्याचं गणित कच्चं होतं, पण इतकंही नाही.

कुठला मॉनिटर कितवा, हे कळायची सोय असते. बटण दाबून धरलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा आकडा मोठा उमटतो.

त्यानं दाबलं.

समोर एक.

उजवीकडे दोन.

आणि डावीकडे भिंतीवर, जीवनच्या फोटोच्या काचेत...

तीन.

प्रतिबिंब असेल. पण प्रतिबिंब उलटं दिसतं. हा आकडा सरळ होता.

त्यानं बोट उचललं. एक गेला. दोन गेला.

तीन... राहिला.

"वहिनी, मी कार्ड काढतो!"

"राहू द्या, भाऊ." वहिनींनी माउस घेतला. "हे चौकोन हलतात का?"

"हलतात. मॉनिटर जिथं असेल तिथं चौकोन न्यायचा," उदय सवयीनं बोलून गेला.

"मग तीन पार दोनच्या पलीकडं कशाला?" त्यांनी तो चौकोन ओढून एकच्या डाव्या अंगाला चिकटवला. "ते इथं बसायचे."

एक वाजता गुणवंत नावाचं गिऱ्हाईक यायचं होतं. त्याच्या आईच्या जलदान विधीची पत्रिका स्क्रीनवर होती. वहिनींनी ती माउसनं डावीकडे ओढली. कडेपाशी आली... आणि गेली.

वहिनी हात मांडीवर ठेवून बसल्या.

बाहेर रिक्षावाला कुणालातरी शिव्या देत होता. आत आवाज नव्हता. पंख्याचाही नाही. पंखा मात्र फिरत होता.

स्टूल... करकरलं.

आणि पत्रिका परत आली. माउसवर कुणाचा हात नव्हता.

वहिनींनी टाइप केलं होतं, 'शनिवार, दि. १६ मे'. आता तिथं 'रविवार' होतं. उदयनं गुणवंतनं मजकूर लिहून दिलेला कागद पाहिला.

रविवार.

"वाचून झालं," वहिनी म्हणाल्या, आणि प्रिंट दिली. आवाज तोच, दूध संपल्याचा.

शटर काही खाली आलं नाही. पत्रिका पुन्हा चुकली नाही. उदयनं पुढं कितीतरी मॉनिटर जोडले, पण ते बटण दाबलं नाही.

दिवाळीच्या सुमारास तो दुकानात डोकावला. एक गिऱ्हाईक दमून स्टुलावर टेकायला निघालं होतं.

"उधर नहीं, भाईसाब," वहिनी मान न वळवता म्हणाल्या. "वो पढ़ रहे हैं."

गिऱ्हाईक हसलं.

उदयला हसता आलं नाही. तो स्टुलाकडे बघत होता.

रिकाम्या स्टुलाची गादी... दबलेली होती.