जानोशाची खोली

"आई गंऽ! पाय भाजला ना वं, काजल!" ऋत्विक एका पायावर नाचू लागला.

सुट्टीत चिखलीहून मामाकडे आलेला हा पठ्ठ्या मामेबहिणीबरोबर शाळेच्या नव्या खोलीच्या स्लॅबवर चढला होता. काजलला मात्र हसू आलं नाही. स्लॅब टाकून आठच दिवस झालेले. वर मातीची आळी करून पाणी साठवलेलं असायला हवं होतं. पण आळी ठणठणीत कोरडी! तिनं खिळ्यानं ओरखडा काढला, तर चक्क भुगा निघाला.

"बाबा म्हंते, नव्या स्लॅबले पंधरा दिवस पानी पाजा लागते. ठेकेदाराचा टँकर तं रोज येते!"

"मंग पानी जाते कुठी?"

शोधायला लांब जावं लागलं नाही. सरपंच भगवंतरावांच्या मांडवामागे तो टँकर उभा होता आणि लग्नघरची पिंपं भरली जात होती! उद्या मोताळ्याहून वऱ्हाड येणार. चाळीस पाहुण्यांचा जानोसा, म्हणजे उतरायची सोय, नव्या खोलीत, म्हणून स्लॅबखालचे टेकू आजच काढायचे. आणि ते काढणारे कोण? काजलचे बाबा, रामराव! ती तडक भगवंतरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, स्लॅब कच्चा हाये! त्याले पानीच नाई मारलं!"

"इंजिनेर झाली का वं तू?" भगवंतराव हसले. ठेकेदार हसला, सारा मांडव हसला. "पाहुन्याइले काय उन्हात झोपवू? जाय, पत्रावया मोज!"

दोघं जीव खाऊन शाळेकडे पळाली. आत बाबांसकट तिघा मजुरांचे हातोडे धाडधाड वाजत होते. मधले दोन टेकू निघालेसुद्धा!

"बाबा, बाहीर या! स्लॅब पडते!"

"काम करू दे वं. ठेकेदार वरडते मंग."

वरून बारीक रेती रामरावांच्या केसांत गळत होती. त्यांना पत्ताच नाही! आता समजावत बसायला वेळ कुठला? काजल जिवाच्या आकांतानं किंचाळली, "नाग! बाबा, तुमच्या पायापाशी नाग!"

"फना काढून राह्यला, मामा!" ऋत्विकनंही ठोकून दिलं.

हातोडे टाकून तिन्ही मजूर बाहेर पळाले. तेवढ्यात कर्रर्र आवाज झाला, उरलेले टेकू वाकले आणि अख्खा स्लॅब धाडकन खाली आला! धुळीत काही म्हणता काही दिसेना. काजल बाबांना घट्ट बिलगून ओक्साबोक्शी रडली.

गाव गोळा झालं. भगवंतराव धापा टाकत आले. तो ढिगारा पाहून त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. उद्या रात्री तिथं चाळीस माणसं झोपली असती!

"शाबास पोरी! तीन जीव वाचवले तुनं. उद्या भर मांडवात तुमचा दोघाईचा सत्कार करतो."

काजलनं डोळे पुसले. "नाग नोयताच, काका. मी खोटं बोलली. खरं तं मांडवातच सांगतलं होतं."

भगवंतरावांनी मान खाली घातली. ठेकेदार केव्हाच गर्दीत मागे सरकला होता.

"चुकलं माह्यं, पोरी," भगवंतराव कसंबसं म्हणाले. सारा मांडव तिथंच उभा होता, पण या वेळी कोणी हसलं नाही.