पूर्वेचा अरबी समुद्र

मगदूमबाईंनी फळ्यावर लिहिलं, 'महाराष्ट्राच्या पूर्वेला अरबी समुद्र आहे.' सातवीच्या अख्ख्या वर्गानं माना खाली घालून ते मुकाट्यानं उतरवून घेतलं.

चूक बाईंना दिसली ती फळा पुसताना. सकाळपासून डोकं ठणकत होतं, मनात पश्चिम होती आणि हातानं पूर्व लिहिली, इतकंच. त्या हसून म्हणाल्या, "काय रे, समुद्र उचलून सोलापूरच्या पलीकडं ठेवला मी, आणि एकालाही दिसलं नाही?"

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची कृत्तिका चौगुले म्हणाली, "दिसलं होतं, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं मनगट पुढं केलं. "बोलायला गेलं की हे गुरगुरतंय."

मनगटावर विवेककडं होतं. घटप्रभेच्या काठावरच्या या शाळेत प्रत्येक मुलाच्या हातात ते होतं. कड्याच्या आतल्या बाजूचे बारीक संवेदक नाडी, घाम आणि आवाजातला कंप मोजत. मनात खोट आली की अंगाला आधी कळतं, या तत्त्वावर ते चाले. मूल खोटं बोलायच्या किंवा वावगं वागायच्या बेतात आलं की कडं हलकेच गुरगुरे; गुरगुर लगेच शमली नाही तर त्यावर लाल ठिपका उमटे, म्हणून मूल तिथल्या तिथं थांबे. मारामाऱ्या संपल्या होत्या, परीक्षेतल्या कॉप्या संपल्या होत्या. पोरं गाईसारखी गरीब झाली म्हणून पालक खूश होते.

बाईही आजवर खूशच होत्या. पण कागदावर उतरलेला तो पूर्वेचा समुद्र काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

मधल्या सुट्टीत त्यांनी कड्याची माहितीपुस्तिका पुन्हा वाचली आणि त्यांना पालकसभा आठवली. कडं आणताना कंपनीच्या माणसानं विचारलं होतं, मुलांची कोणती खोड सगळ्यांत आधी घालवायची? चोरी, खोटेपणा, शिवीगाळ असं सगळं त्यानं वाचून दाखवलं. आपल्याकडे हात कशाला वर होणार? 'मोठ्यांना उलट बोलणे' म्हटल्याबरोबर सभागृह हातांनी भरून गेलं होतं. मग त्या खोडीसाठीच कडं सगळ्यांत कडक बसवलं गेलं. बिचाऱ्या यंत्राला काय कळणार? बापाला थाप मारताना छाती धडधडते, आणि 'बाबा, तुमचं चुकलं' म्हणतानाही तितकीच धडधडते. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

या घोळात सापडली होती प्रणिता घोलप. ही मुलगी मुळातच भित्री. कुणी नाव घेतलं तरी तिच्या काळजाचा ठोका चुकायचा, आणि कडं लालभडक व्हायचं. शाळेत सर्वांत जास्त लाल ठिपके तिच्या नावावर होते, आणि अशा मुलांना जिल्ह्याच्या संस्कारनिवासात ठेवायचा नियम झाला होता. घरापासून दूर, दोन वर्षं. तिची आई फाटकाशी उभी राहून बाईंना म्हणाली होती, "माझी पोर खोटारडी न्हाई ओ बाई. भित्री हाय नुस्ती."

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. शिंत्रे सरांनीच त्यांना सातवीत शिकवलं होतं, हात धरून या शाळेत नोकरीलाही त्यांनीच आणलं होतं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वैजयंती, पोरांनी तुला उलट बोलायला पाहिजे होय? आणि त्या घोलपच्या मुलीचं आकडे सांगतात, मी नव्हे."

बाईंच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं. त्या म्हणाल्या, "बरं, सर."

पण वर्गात येऊन त्यांनी एक उद्योग सुरू केला. रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची. मुलांना सांगितलं, "कडं गुरगुरलं की थांबा. थांबणं चांगलंच आहे. पण तेवढ्यानं गप्प बसायचं नाही. स्वतःला विचारायचं, मी स्वतःला वाचवायला बोलतोय, की खरं सांगायला? खरं असेल तर गुरगुरू दे त्याला."

सुरुवातीला वर्ग ढिम्म. बाईंनी बेडकाला पंख दिले, नऊ सत्ते चौसष्ट केले, पंचगंगा नागपुरातून वाहवली. कुणी ब्र काढीना. शेवटी तोंड उघडलं ते प्रणितानं. "बाई, त्रेसष्ट," ती पुटपुटली. कडं गुरगुरत होतं, पण तिला त्याची भीती उरली नव्हती. बाकीच्यांना जे कधीमधी सोसावं लागे, ते तिच्या रोजच्या अंगवळणी पडलं होतं. तिचं बघून एकेक जण धीट झाला, आणि हळूहळू बाईंच्या तासाला वर्गात अशी गुरगुर चाले की शेजारच्या वर्गाला वाटे, इथं कुत्र्याची पिल्लं पाळलीत.

फक्त कृत्तिका बोलत नसे. तिच्या कड्यावर आजवर एकही लाल ठिपका उमटला नव्हता, आणि वार्षिक समारंभात 'निर्मळ विद्यार्थिनी'ची ढाल तिला मिळणार होती.

समारंभाला शिक्षणाधिकारी दळवी मॅडम आल्या. शिंत्रे सरांनी शाळेची कीर्ती सांगितली आणि मग कागद हातात घेऊन वाचलं, की प्रणिता घोलप हिला सोमवारपासून संस्कारनिवासात पाठवण्यात येत आहे. मुलींच्या रांगेत प्रणिता खाली बघत बसली होती. तिची आई मागच्या खुर्च्यांत होती. बाईंनी उठायचं ठरवलं, खुर्चीचे हात धरले, आणि सरांचा पिकल्या केसांखालचा चेहरा बघून पुन्हा टेकल्या. कार्यक्रम संपला की मॅडमना बाजूला घेऊन सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

कृत्तिकाला मंचावर बोलावलं. ढाल घेऊन तिनं माइकसमोर आभाराचं पाठ केलेलं वाक्य म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि माइकमधून साऱ्या मंडपाला गुरगुर ऐकू आली.

पोरगी थांबली. तिनं डोळे मिटले. बाईंना कळलं की ती स्वतःला विचारते आहे.

"मॅडम," कृत्तिका म्हणाली, "प्रणिता खोटं बोलत नाही. ती घाबरते. आत्ता मीपण घाबरलेय, हे बघा लाल झालं. मग मी काय खोटं बोलतेय का?"

"कृत्तिका, खाली बस," शिंत्रे सर म्हणाले. गुरगुर वाढली.

"बसते, सर. पण हे सांगून बसते."

दळवी मॅडम पुढं झुकल्या. "अगं, पण कोण खरं आणि कोण खोटं, हे आम्ही ओळखायचं कसं?"

"तिला विचारा की. कड्याला कशाला विचारता?"

मॅडमनी सरांना विचारलं, त्या प्रणिताशी कुणी बोललंय का? सरांनी हातातला कागद उलटा करून पाहिला. तिथं फक्त आकडे होते. म्हातारा माणूस, पण कोडगा नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "नाही, मॅडम. चूक आमची आहे."

कागद तिथंच रद्द झाला. उलट बोलण्याचं कलम काढल्याशिवाय जिल्ह्यात एकही कडं वाटायचं नाही, असं मॅडमनी माइकवरूनच सांगितलं. पोरांनी टाळ्यांचा आणि कड्यांनी गुरगुरीचा असा काही गदारोळ केला की मंडपाच्या कनाती हलल्या. प्रणिताची आई रडत होती आणि हसतही होती. बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. इतका आनंद त्यांना स्वतःच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

मंडप रिकामा झाल्यावर त्यांनी कृत्तिकाला जवळ ओढलं. "शाबास गं. ढाल डागाळली म्हणून वाईट नाही ना वाटलं?"

"नाही, बाई." पोरगी जरा घुटमळली. तिचं कडं पुन्हा गुरगुरू लागलं, ती थांबली, आणि मग तिनं बाईंकडे सरळ बघत विचारलं, "तुम्ही उठता उठता बसलात, ते मी बघितलं. तुमच्या हातात तर कडं नाही. मग तुमच्या आत काय गुरगुरत होतं?"