चारच्या आत आलेले नऊजण

एल्विया मेंब्रेनो सोमवारी सकाळी दहाला आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आज तीन वाजता मला कामावरून काढणार आहेत. तुमच्याकडे पाच तास आहेत."

इर्मा टॉलिव्हरने खुर्ची पुढे सरकवली. खाजगी तपासनीस होण्यापूर्वी तिने बावीस वर्षं सरकारी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. घाईत आलेल्या माणसाला आधी बसवायचं, ही तिथलीच सवय.

"काढलं तर काय होईल?"

"आज महिन्याची एकतीस तारीख. माझा विमा रात्री बाराला संपेल. नवरा डायलिसिसवर आहे, उद्या सकाळी सहाला त्याची पाळी. सरकारी मदत सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. दोन महिने तो काढणार नाही, बाई."

खिडकीशी बसलेल्या वेंडेल ओट्सने वर्तमानपत्र खाली ठेवलं. वेंडेलने तीस वर्षं कॅसिनोत पत्ते वाटले होते. आता निवृत्त होऊन तो इर्माची गाडी चालवायचा आणि उरलेला वेळ जेवायचा.

"कुठं काम करता?" त्याने विचारलं.

"सेज हॉलो कॅसिनोत. बुफेचं दुपारचं जेवण मी करते. एकोणीस वर्षं."

"अरे, चांगली जागा आहे. मी पावणेचारला जातो तिथं."

"पावणेचारलाच का?" इर्माने विचारलं.

"गर्दी कमी असते," असं म्हणून वेंडेलने पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

एल्वियाने सगळं सरळ सांगितलं. दुपारचं जेवण अकरा ते चार, अठरा डॉलर. चारपासून रात्रीचं, पस्तीस डॉलर. शुक्रवार-शनिवार त्यात खेकडे. परवा, शनिवारी संध्याकाळी, नऊ गिऱ्हाइकांना उलट्या सुरू झाल्या. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. नऊच्या नऊजणांच्या पावत्या सव्वातीन ते पावणेचारमधल्या. चारनंतरची एकही नाही.

"म्हणजे दुपारचं अन्न. म्हणजे मी."

"दुपारी किती जण जेवले?"

"चारशे तरी."

"चारशेतले नऊच."

"आमच्या व्यवस्थापक मॅडम म्हणतात, शेवटचे ट्रे खराब असणार. मी ते सव्वातीनला लावले आणि साडेतीनला घरी गेले, माझी पाळी तेव्हाच संपते. दर अर्ध्या तासाचं तापमान लिहून ठेवलंय. पण लिहिलेलं कोण मानतंय? आणि उरलेलं अन्न फेकलं गेलं, तपासायला काही नाही."

"त्या आठवड्यात नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं?"

एल्वियाने आठवून पाहिलं. "शुक्रवारी धुळीचं वादळ होतं. हायवे बंद, रात्री बुफेत अर्ध्याहून जास्त टेबलं रिकामी. मांसाचा ट्रक आलाच नाही, म्हणून शनिवारी मी बीफ रोस्टच्या जागी टर्की भाजली. बाकी काही नाही."

"टर्की," वेंडेल वर्तमानपत्रामागून म्हणाला. "आणि मी घरी अंडी खात होतो."

एल्वियाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने पर्समधून डॉलरची पातळ घडी काढून टेबलावर ठेवली. इर्माने ती परत तिच्याकडे सरकवली.

"तीननंतर बघू."

---

सेज हॉलोच्या बुफेच्या दारात पैसे घेणाऱ्या खिडकीवर दोन गोष्टी लावल्या होत्या. एक, आठवड्याचा छापील मेनू. शनिवारी दुपारी बीफ रोस्ट, उकडलेले बटाटे. दुसरी, नवीकोरी पाटी: 'दुपारच्या पावतीवर चारनंतरचे पदार्थ घेतल्यास क्लब कार्ड कायमचे रद्द होईल.'

इर्माने दोन्ही वाचलं. वेंडेलने पाटी वाचली आणि टोपी जरा पुढे ओढली.

व्यवस्थापक गेल स्ट्रँड आपल्या खोलीत उभ्याउभ्याच बोलल्या. "बुफे तोट्यात चालतो. लोकांनी आत यावं, खेळावं, म्हणून चालवतो. वरचे लोक तो बंदच करायला निघालेत. मला आज त्यांना एक नाव द्यायचं आहे."

"आणि ते एल्वियाचं आहे."

"नऊजणांनी सही करून दिलंय, आम्ही दुपारचंच खाल्लं. तुम्ही दुसरं नाव आणा, मी ऐकेन. तीनपर्यंत."

रात्रीच्या जेवणाचा शेफ डॅरिल कोव्ह स्वयंपाकघरात खेकड्यांची खोकी मोजत होता. उंच, थकलेला, डोळ्यांखाली काळं. उजव्या हाताच्या बोटाला निळी पट्टी होती.

"मला वाईट वाटतं तिचं," तो म्हणाला. "पण माझ्या अन्नात दोष नाही. खेकडे चांगले वाफेवर काढतो, तापमान नियमापेक्षा वर. वहीत बघा."

वहीत तसंच होतं.

"चारला नेमकं काय होतं, शेफ?"

"पाच मिनिटं आधी खेकड्यांचा पहिला ट्रे लागतो. चारला झाकण उघडतो, दहा मिनिटांत तो साफ. मग दुसरा, तिसरा."

"नवीन गिऱ्हाईक चारला आत येतं?"

"चारला खिडकीवर येतं. पैसे भरून, टेबल मिळून, ताट हातात येईस्तोवर सव्वाचार होतात."

"खेकड्यांचे पाय चिरून देता?"

"मी स्वतः चिरतो. अख्खे दिले तर म्हाताऱ्यांना फोडता येत नाहीत, मग कुरकुर."

"बोटाला काय झालं?"

"गुरुवारी कालवं उघडताना सुरी लागली. पिकलंय जरासं."

वेंडेल सहानुभूतीने चुकचुकला. इर्माने भिंतीवरच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "हे कशाला?"

"वाया गेलेलं अन्न वजन करून फेकायचं. वीस पौंडांच्या वर गेलं की मॅडमचं बोलावणं. या वर्षी दोनदा गेलोय, तिसऱ्यांदा गेलो की घरी." तो जरा ताठ झाला. "गेल्या शुक्रवारी अकरा पौंड. इतकं कमी कुणाचं नसेल."

बाहेर आल्यावर वेंडेल म्हणाला, "भला माणूस आहे. वहीही चोख. बाईंचं काही खरं नाही, इर्मा."

"मला जेवून आजारी पडलेल्या माणसांना भेटायचंय," इर्मा म्हणाली. "त्या नऊजणांपैकी जवळ कोण राहतं?"

---

हॅरिएट लूमिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि चाकांवरच्या एका जुन्या ट्रेलरघरात एकटी राहायची. तिच्या टेबलावर खारी बिस्किटं होती, एक कप पाणी होतं, आणि मधोमध सेज हॉलोचं क्लब कार्ड.

"कालपासून हेच खातेय," ती बिस्किटांकडे बघत म्हणाली. "पोट ठरत नाही."

"शनिवारी काय खाल्लंत?"

"दुपारचंच. बीफ रोस्ट आणि बटाटे. लिहून दिलंय ना मी."

"रोस्ट बरा होता?"

"नेहमीसारखा. जरा चिवट."

"कार्डावर काय मिळतं तुम्हाला?"

"आठवड्याला तीन दुपारची जेवणं फुकट. मशिनवर थोडं खेळावं लागतं." हॅरिएटने कार्ड सरळ केलं. "शनिवारी पोटभर जेवले की सोमवार सकाळपर्यंत निघतं. मग मंगळवार, मग गुरुवार. असं बसवलंय मी."

ती बोलत होती तेव्हा इर्मा तिच्या हातांकडे बघत होती. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर बारीक, ताजे ओरखडे. एकावर पट्टी.

"हे कशानं?"

"मांजर."

"काय नाव तिचं?"

हॅरिएटने कार्ड पुन्हा सरळ केलं. मग म्हणाली, "पळून गेली ती."

पलीकडच्या ट्रेलरच्या पायरीवर गस पावलिक बसला होता. नऊजणांतलाच एक, एक्क्याऐंशीचा. त्यानेही बीफ रोस्टच खाल्ला होता. त्याच्याही अंगठ्यावर तसेच ओरखडे.

"तुमच्याकडेही मांजर आहे का?" वेंडेलने प्रेमाने विचारलं.

"कसलं मांजर? मला शिंका येतात मांजरानं."

गाडीत बसल्यावर वेंडेल बराच वेळ किल्ली फिरवायची विसरला.

"वेंडेल, तू पावणेचारला का जातोस?"

"सांगितलं ना, गर्दी—"

"वेंडेल."

त्याने सुस्कारा सोडला. इर्माने तो पुढे काय सांगणार हे आधीच ओळखलं होतं, तरी तिने ते त्याच्या तोंडून ऐकून घेतलं. मग ती उतरली आणि पुन्हा हॅरिएटच्या दाराशी गेली. आत काय बोलणं झालं ते वेंडेलला कळलं नाही. वीस मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. हॅरिएटने बाहेर जायचा कोट घातला होता.

"मी काही कबूल केलेलं नाही," मागच्या सीटवर बसताना ती म्हणाली. "फक्त येतेय."

---

तीनला गेल स्ट्रँड यांच्या खोलीत सहाजण होते. कागद टेबलावर तयार होता. एल्विया त्याच्याकडे बघत नव्हती.

"शनिवारी दुपारी बीफ रोस्ट नव्हता," इर्मा म्हणाली. "ट्रक आला नाही म्हणून टर्की होती. नऊ जबाबांत काय लिहिलंय?"

गेलनी फाइल उघडली. पहिला कागद पाहिला, दुसरा, तिसरा. मग सगळे पाहिले.

"बीफ रोस्ट," त्या हळूच म्हणाल्या.

"त्यांनी ताटातलं नाही सांगितलं, खिडकीवरच्या छापील मेनूतलं सांगितलं. म्हणजे दुपारच्या जेवणाला त्यांनी हात लावला नव्हता. अठरा डॉलरच्या पावतीवर पावणेचारला आत यायचं, पाणी पीत बसायचं, आणि चारला झाकण उघडलं की खेकडे घ्यायचे. पस्तीसचं जेवण अठराला. वेंडेलही हेच करतो."

"करायचो," वेंडेल म्हणाला. "पाटी लागायच्या आधी."

"मी आज दोघांचे हात पाहिले. दोघांच्या बोटांवर ओरखडे होते. मऊ टर्कीने किंवा रोस्टने बोटं कापत नाहीत. चिरलेल्या खेकड्याच्या कवचाची धार असते, तिने कापतात."

"खेकडे तर पस्तीसवाल्यांनीही खाल्ले," डॅरिल म्हणाला. "दोनशे जणांनी. कोणाला काही झालं नाही."

"त्यांनी दुसऱ्या ट्रेपासून खाल्ले. पहिला ट्रे दहा मिनिटांत संपतो आणि पैसे भरून येणारा ताटापर्यंत सव्वाचारला पोचतो, हे तुम्हीच सांगितलंत. पहिल्या ट्रेशी चारला आधीपासून आत बसलेलेच असतात. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की पहिला ट्रे वेगळा का होता."

डॅरिलने बोटावरची निळी पट्टी मुठीत झाकली.

"शुक्रवारी वादळात अर्धी टेबलं रिकामी होती. गोठलेले खेकडे मात्र सकाळीच नेहमीच्या अंदाजाने बाहेर काढावे लागतात. ते उरायलाच हवेत. आणि त्या रात्री कचरा भरला अकरा पौंड. उरलेले गेले कुठे?"

"मी ते शनिवारी पहिल्या ट्रेसाठी पुन्हा वाफेवर काढले," डॅरिल म्हणाला. "चांगली दहा मिनिटं. वाफेत जंतू मरतात."

"जंतू मरतात. तुमच्या पिकलेल्या बोटातून ते चिरलेल्या मांसावर आले, आणि खेकडे बाहेर राहिले तेवढ्या वेळात त्यांनी विष तयार करून ठेवलं. ते विष वाफेला दाद देत नाही. जंतू गेले, विष तसंच राहिलं. किती वेळ बाहेर होते, शेफ?"

"बंद होईपर्यंत. वाटलं, कोणी येईल." त्याने गेलकडे पाहिलं. "वीस पौंडांची मर्यादा कोणी घातली, मॅडम? पस्तीस डॉलरला हवे तेवढे खेकडे, आणि वाया काही घालवायचं नाही. मी काय करायला हवं होतं?"

गेलनी फाइल मिटली. "हे सगळं तर्काचं झालं, मिस टॉलिव्हर. माझ्याकडे नऊ सह्या आहेत. वरच्यांना मी ओरखडे दाखवू?"

"नाही," इर्मा म्हणाली. "तेवढं पुरणार नाही, हे मलाही माहीत आहे."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. एल्वियाने पहिल्यांदाच मान वर केली आणि खोलीत कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं.

"मी खेकडे खाल्ले," हॅरिएट म्हणाली. "पहिल्या ट्रेमधले. दोन ताटं. गसने तीन. आम्ही नऊजण एकाच लांब टेबलावर होतो. खोटं लिहायचं आमचं आपसात ठरलं होतं."

"कार्डासाठी?" गेलनी विचारलं.

"जेवणासाठी."

"लिहून द्याल?"

"कागद द्या."

तिने सावकाश, ओरखडलेल्या बोटांनी लिहिलं. सही केली. मग कोटाच्या खिशातून कार्ड काढून कागदावर ठेवलं. गेलनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ते खणात टाकलं. एल्वियासाठी तयार केलेला कागद त्यांनी फाडला, पण तिच्याकडे न बघता.

"उद्या नेहमीच्या वेळेला या," त्या म्हणाल्या. "डॅरिल, तू थांब."

बाहेरच्या बोळात एल्वियाने दवाखान्यात फोन लावला. उद्या सहाची पाळी आहे तशीच ठेवा, असं तिने दोनदा सांगितलं, आणि पलीकडून "हो" आल्यावरही फोन कानाशीच धरून ठेवला. मग तो खाली घेऊन ती हॅरिएटकडे वळली.

"मी घरी दोन दिवस त्याच्या कपड्यांच्या घड्या करत होते. हे घालायला तो असेल का, असा विचार करत. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"तुमचं नाव कळलं नव्हतं," हॅरिएट म्हणाली. "पण कोणाच्या तरी अंगावर येणार, एवढं कळत होतं. हो. माहीत होतं."

एल्वियाने फोन पर्समध्ये टाकला आणि ती दाराकडे वळली.

मुख्य दाराशी कार्डवाल्यांसाठी असलेली कॅसिनोची फुकट गाडी उभी होती. ट्रेलरवस्तीकडे तीच जायची. ड्रायव्हरने हॅरिएटला ओळखून हात पुढे केला. "कार्ड, आजी."

हॅरिएटने सवयीने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

"चल, आम्ही सोडू," वेंडेल इर्माच्या कानात पुटपुटला. इर्माने त्याची बाही धरून त्याला थांबवलं.

एल्विया आपल्या गाडीपर्यंत गेली होती. तिने दार उघडलं, आत पर्स टाकली आणि ती बराच वेळ छतावर हात ठेवून उभी राहिली. मग वळून न बघता तिने आत वाकून पलीकडचं दार ढकलून उघडलं.

"माझा रस्ता तिकडूनच आहे," ती म्हणाली. "बसा. बोलायचं नाही मात्र."

हॅरिएट जाऊन बसली, आणि बोलली नाही.