दर दहाला एक टिक

"मनात मोजता येत नाही का?"

त्सुंग-येन माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. काय पण मुहूर्त! मिठागराच्या बांधावरच्या झोपडीत मी दुर्बिणीला डोळा लावून मोठमोठ्यानं पक्षी मोजत होते, आणि फळीपलीकडे कुणी बसलंय याचा मला पत्ताच नव्हता. माझ्या 'त्रेपन्न, चोपन्न'मुळे त्याची एकशे सत्तरावर आलेली मोजणी पार विस्कटली होती. मी ओशाळून माफी मागितली. त्यानं थर्मासमधला चहा तेवढा माझ्याकडे सरकवला, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाइड ल्याओ मॅडमनी रीतसर ओळख करून दिली. हा तुझा सिनियर, हा हिवाळाभर तुमची जोडी. जोडी म्हणे! मी यी-रू, एम.एस्सी.ची नवी विद्यार्थिनी. संशोधन कशाशी खातात हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं. काम सोपं वाटलं होतं. हिवाळ्यात उत्तरेकडून आमच्या थाइनानच्या खाडीत काळ्या तोंडाचे, चमच्यासारख्या चोचीचे पक्षी येतात, ते मोजायचे. पण मॅडमचे नियम कडक. दोघांनी एकाच वेळी, पण आपापलं मोजायचं. मधे फळी. अर्धा तास एक शब्द बोलायचा नाही. आकडा शाईनं लिहायचा, आणि मगच एकमेकांना वाचून दाखवायचा. दोघांचे आकडे जितके जवळ, तितकी मोजणी भरवशाची.

पहिल्या आठवड्यात त्याचे दोनशे बारा, माझे एकशे साठ.

"बाकीचे बावन्न तुला बघून लाजले वाटतं," तो म्हणाला. चेहरा गंभीर, डोळे मात्र हसत होते. माझे कान तापले. आणि खरं सांगू? त्या दिवसापासूनच माझं सगळं बिनसलं.

त्याच्या हातात मोजणीचं छोटं यंत्र असायचं. दर दहा पक्ष्यांना एक टिक. वारा पडला की फळीपलीकडून ती टिक स्पष्ट ऐकू यायची. सुरुवातीला ती आपोआप कानावर पडायची. मग मी कान देऊन ऐकायला लागले. एकवीस टिका म्हणजे दोनशे दहा, वर दोन-तीन आपल्या मनाचे. आकडे जुळायला लागले. जानेवारीत तर मी डोळे मिटूनच बसायचे. टिक… टिक… मधे त्याचा श्वास, बाहीची सळसळ. मी पक्षी मोजतच नव्हते, मी त्याला मोजत होते.

वह्या उघडल्या की तो खूश व्हायचा. एकदा भाजलेलं रताळं मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "आपली नजर एक झाली बघ." ते रताळं मला गोड लागलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डोळे मिटलेच. काय करणार, तेवढा अर्धा तास तो माझा असायचा.

फेब्रुवारीच्या बैठकीत मॅडमनी आमचे आकडे पाहिले आणि प्रसन्न झाल्या. दोघांची मोजणी इतकी सारखी येते, तर दोन माणसं कशाला गुंतवायची? पुढच्या हिवाळ्यापासून यी-रू एकटी मोजेल. त्सुंग-येननं कोरियात जावं, पक्षी घरटी करतात त्या बेटांवर. दोन वर्षं.

दोन वर्षं! माझ्याच लबाडीनं मी त्याला दूर पाठवत होते. आता खरं बोलावं, तर त्याला वाटणार, ही मला अडवायला बोलतेय. आणि ते काही खोटं नव्हतं. पण पुढच्या हिवाळ्यात मी एकटी त्या झोपडीत बसणार, समोर दोनशे पक्षी, आणि मला मोजताच येत नाही… मी उभी राहिले.

"मॅडम, माझे आकडे खरे नाहीत. मी त्यांच्या टिका ऐकून लिहायचे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली.

"मला माहीत होतं," त्सुंग-येन म्हणाला. "डिसेंबरपासून. मी बोललो नाही, तेव्हा चूक माझीही आहे."

मॅडमनी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. जोडीनं मोजलेला सगळा हिवाळा बाद. माझं एक वर्ष पाण्यात. त्सुंग-येननं कोरियात फक्त उन्हाळाभर राहायचं, ऑक्टोबरला पक्ष्यांबरोबर परत यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. या खेपेला यंत्राशिवाय.

दुसऱ्या दिवशी बांधावरून परतताना मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते. शेवटी विचारलंच, "माहीत होतं, तर मला टोकलं का नाही तुम्ही?"

वाऱ्यानं त्याचे केस कपाळावर आले होते.

"टोकलं असतं तर तू ऐकायचं थांबवलं असतंस," तो म्हणाला. "मी तर… बटण मुद्दाम सावकाश दाबायचो, तुला नीट ऐकू यावं म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझा हात धरला, आणि गाडीपर्यंत सोडला नाही. त्यानंतर आम्हाला जेमतेम महिनाच मिळाला. मी स्वतःच्या डोळ्यांनी मोजत होते, रोज चुकत होते, आणि रोज त्याची बोलणी खात होते. मार्चअखेर पक्ष्यांचे थवे उत्तरेला निघाले. त्याच आठवड्यात तोही गेला.

आता मे महिना आहे. खाडीत एकही पक्षी नाही. पण मॅडमचा नियम असा, की पक्षी नसले तरी पूर्ण अर्धा तास बसायचं, नीट बघायचं, आणि मगच शून्य लिहायचं. नसणंही मोजावं लागतं म्हणे. आज सकाळी मी बसले. फळीपलीकडे सामसूम. रिकामं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिलं, आणि शाईनं शून्य लिहिलं. इतका खरा आकडा मी आजवर लिहिला नव्हता. पानाचा फोटो काढला, त्याला पाठवला, आणि खाली लिहिलं, लवकर ये.