पंचमीचं दूध

“नागोबानं माझ्या भावाले नेलं नाही, दादा. माणसानं नेलं.”

एवढं बोलून झुंबरबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली. सुतक फिटून न्हालेले तिचे केस अजून ओले होते.

चिंतामण मास्तरांची जपमाळ थांबली. श्रावणातला शनिवार, त्यात सकाळची वेळ. अशा घटकेला असलं बोलणं कानी पडावं हे त्यांना बरं वाटलं नाही. शेजारचे लक्ष्मीकांतराव मात्र सरसावून बसले. खामगावच्या पोलिसातली नोकरी वरिष्ठांशी न पटल्यानं त्यांनी सोडली होती आणि आता शेगावात राहून ते लोकांचे खाजगी तपास करीत. पेन्शनीतले मास्तर सोबतीला असत. मास्तरांना तपासातलं फारसं कळत नसे, पण ते जवळ असले की बायाबापड्या मोकळेपणी बोलत.

झुंबरबाईनं सांगितलं ते असं. तिचं माहेर वरवट बकालच्या पलीकडं, कोष्ट्यांच्या वस्तीत. भाऊ उकंडराव एकटाच राही. बायको मागंच वारलेली. परदेशी सुतावर सरकारनं जकात चढवली ती देशातल्या गिरण्या जगाव्यात म्हणून. पण लुगड्याला लागणारं बारीक सूत त्या गिरण्या पुरेसं काढीत नव्हत्या, आणि बाहेरचं सूत कोष्ट्यांना परवडेनासं झालं. घराघरातले माग बंद पडले. तेव्हा सरकारनंच विणकरांची संस्था काढायला लावली, सवलतीचं सूत दिलं आणि दोरी ओढली की आडवं सूत नेणारा धोटा आपोआप धावतो असे सुधारलेले माग देऊ केले. तसला पहिला माग उकंडरावानं आपल्या घरातल्या खड्ड्यावर बसवला.

नागपंचमीला सगळा कोष्टीपुरा माग बंद ठेवतो. विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात दुधाची वाटी ठेवतात, आणि त्या दिवशी खड्ड्यात पाय घालायचा नसतो. सणाला माहेरी आलेल्या झुंबरबाईनं भावासाठी आदल्या दिवशी उपास धरला होता. पंचमीला सकाळी तिनं स्वतः वाटी ठेवली आणि दुपारी साऱ्या बायांबरोबर गावाबाहेरच्या वारुळाकडं गेली. परत आली तेव्हा उकंडराव मागावर बसलेला होता. पाय खड्ड्यात, हात धोट्याच्या दोरीवर, मान छातीवर.

“पायाले दोन टोचे होते. पण रक्ताचा टिपूस नाही, सूजही नाही. आंघोळ घालताना नाकातून अन् दातातून पांढरं सूत निघालं. मागावर तर तांबडं लुगडं लागलं होतं.”

“पांढरं?” लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

“पांढरं, बारीक.” मग खालच्या आवाजात तिनं जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दुधाची वाटी खड्ड्यात नव्हती. ती भिंतीतल्या कोनाड्यात नीट ठेवलेली होती, वरचं फूलसुद्धा तसंच. भावानं देवाचं दूध उचललं म्हणून लोक थुंकतील, या भयानं तिनं हाक मारण्याआधी ते दूध तुळशीत ओतलं आणि वाटी धुऊन चुलीमागं लपवली.

पाटलानं सर्पदंश लिहून घेतला होता. नव्या मागानं आणि सरकारी सुतानं नागोबा कोपला, असं वस्तीत जो तो म्हणत होता. त्याच शनिवारी दिवेलागणीला पंच बसणार होते. संस्था मोडून सरकारी सूत परत करायचं असं जवळजवळ ठरलंच होतं. मदतीची पाहणी करायला येणाऱ्या साहेबाला तसं कळवलं की मग काही उरणार नव्हतं.

“माग गेले तर लोक पोट भरायले मुंबईले जातील. अन् जाताना माझ्या भावाच्या नावानं बोटं मोडत जातील,” झुंबरबाई म्हणाली. “तो तसा नव्हता, दादा.”

पूर्णा नदीला उतार होता म्हणून बरं. तिघांची बैलांची दमणी पलीकडं गेली. काळ्या मातीत चाकं रुतत होती. मास्तर वाटभर नामस्मरण करीत होते. वस्तीत शिरल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. कोष्ट्यांची गल्ली आणि एकाही मागाचा आवाज नाही. दारंखिडक्या लोटलेल्या. पंचमीपासूनच्या चार दिवसांत कुणी खड्ड्यात पाय घातला नव्हता.

उकंडरावाच्या मागघरात झुंबरबाईखेरीज कुणी यायला तयार नव्हतं. मास्तर उंबऱ्यापाशीच थांबले. खड्ड्यातल्या काळोखाकडं त्यांची नजर पुनःपुन्हा जाई आणि मागं फिरे. लक्ष्मीकांतराव मागाभोवती फिरले. लुगड्याचा काठ ताणून धरायची पट्टी त्यांनी उचलली. तिच्या टोकांना लोखंडी टोचे होते. ती त्यांनी होती तशी ठेवली. कोपऱ्यात एक गाडगं पालथं होतं. त्यावर हळदीचं बोट ओढलेलं, ते खाली जमिनीवरही सलग उतरलेलं.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

झुंबरबाईनं सांगितलं की धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या या गाडग्यात भिजत घालतात. कोरड्या कांडीनं पोत बसत नाही, सूतही तुटतं. पंचमीच्या आदल्या संध्याकाळी ते पालथं घालून वर हळद ओढायची रीत आहे.

“हे तू घातलंस?”

“भावानं घातलं. म्या हळद लावली.”

मागच्या अंगणात लक्ष्मीकांतराव आणि झुंबरबाई गेले. अंगणाची एक भिंत संस्थेच्या सूत साठवायच्या कोठीची होती, आणि कोठीचं मागलं दार याच अंगणात उघडत होतं. दाराला कुलूप होतं. किल्ली कुणाकडं, असं विचारता झुंबरबाई म्हणाली, “पुढच्या-मागच्या दोन्ही किल्ल्या संस्थेच्या किसनकाकाच्या कमरेले.”

घराच्या खुंटीवर सरकारी सुताची एक लड लोंबत होती. पांढरीशुभ्र, हिरव्या दोऱ्यानं मधोमध बांधलेली. लक्ष्मीकांतराव तिच्याकडं पाहत उभे राहिले. मास्तरांना वाटलं, आता काही बोलतील. पण ते बाहेर पडले.

उत्तमरावाचं दुकान वस्तीच्या तोंडाशी होतं. सूत आणि किराणा दोन्ही एकाच छपराखाली. संस्था निघाल्यापासून आपलं सूत कुणी घेत नाही, असं त्यानं आपणहून सांगितलं. जकात बसली, बाहेरचं सूत आणणं सोडलं, आता तेलमिठावर चाललंय. उकंडरावाशी वैर होतं का, यावर तो हसला.

“वैर कशाचं, बाप्पा? त्यानं नवा माग घेतला तर म्या काय नागोबाले चिठ्ठी लिहिली?”

पंचमीला दुपारी तो दुकानातच होता. पाटील आणि दोन गिऱ्हाइकं त्याच्याशी पट खेळत होती. मास्तरांना शनिवारच्या नैवेद्याला खडीसाखर हवी होती. उत्तमरावानं पुडी बांधून दिली आणि दोन बोटांनी दोरा तोडला. बाहेर आल्यावर लक्ष्मीकांतरावांनी ती पुडी मास्तरांच्या हातून घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. साखरेत मुंगी असेल, असं मास्तरांना वाटलं.

निवृत्ती हा उकंडरावाचा चुलतभाऊ. पहिला माग आपल्याला मिळावा म्हणून तो भांडला होता, हे सगळी वस्ती सांगे. तो अंगणात बसून भर श्रावणात कोयत्यानं कळक तासत होता आणि तोंडानं वस्तीची टर उडवत होता.

“पंचमीले म्या काय केलं? भजी तळून खाल्ली. चिरलं, कापलं, तळलं, सगळं केलं. मले काऊन नाही चावला नागोबा?” मग कोयता खाली ठेवून तो म्हणाला, “उकंड्या मात्र भित्रा होता. बायांपेक्षा जास्त रीत पाळे. तो मागावर बसला, हेच मले पटत नाही.”

किसनराव देवळात भेटले. पांढऱ्या दाढीचे, वस्तीतले वडीलधारे, संस्थेचे प्रमुख. सगळे त्यांना किसनकाका म्हणत. श्रावणभर ते एकभुक्त राहत आणि कुणाच्या घरचं पाणी घेत नसत. मास्तरांना त्यांच्याजवळ बसल्यावर प्रथमच धीर आला.

किसनकाका हळू बोलत होते. उकंड्या लेकरासारखा होता. संस्थेच्या कामात पुढं असे. पण नव्या गोष्टींनी माणसाची बुद्धी फिरते.

“साहेब येऊन राह्यला म्हणून त्याले लुगडं पुरं करायची घाई झाली. पंचमीचा दिवस पाह्यला नाही. नागोबाचं दूध उचलून कोनाड्यात ठेवलं अन् खड्ड्यात पाय सोडले. मग देव कसा गप बसल?”

मास्तरांनी नकळत कानाला हात लावले. लक्ष्मीकांतरावांनी फक्त मान हलवली आणि विचारलं की पंचमीला काका कुठं होते. काका म्हणाले, जपाला बसलो होतो, घरीच, एकटा.

दिवेलागणीला पंच देवळाच्या ओट्यावर बसले. खाली सगळी वस्ती होती. बाया एका अंगाला, डोक्यावरून पदर ओढून. देवळातल्या दिव्याची सावली भिंतीवर लांब होऊन हलत होती, आणि मास्तरांच्या मनात सारखं येत होतं की इथून उठावं आणि दमणीत जाऊन बसावं.

किसनकाकांनी संस्था मोडायची गोष्ट काढली तेव्हा लक्ष्मीकांतराव उभे राहिले. पाटलाची परवानगी घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“विणायला बसायचं तर आधी काय करता?”

कुणीतरी म्हणालं, कांड्या भिजवतो.

“उकंडरावाच्या घरातलं गाडगं अजून पालथं आहे. पंचमीच्या आदल्या संध्याकाळी ओढलेली हळद गाडग्यावरून जमिनीपर्यंत सलग आहे. ते कुणी हलवलं असतं तर ती रेघ मोडली असती. प्रेत उचलल्यावर तुम्ही चार दिवस भिऊन त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, म्हणून हे कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी उकंडराव विणत नव्हता. त्याला मेल्यावर तिथं बसवलं.”

ओट्याखाली कुजबुज उठली आणि विरली.

“साप चावल्यावर पाय सुजतो. त्याचा पाय सुजला नाही, रक्तही आलं नाही. कारण टोचे मेल्यावर मारले, काठ ताणायच्या पट्टीनं. त्याच्या नाकातोंडात पांढरं सूत होतं. मागावर तांबडं, घरात पांढऱ्याची एकच लड, ती खुंटीवर, तिला धक्का नाही. इतकं पांढरं सूत आणखी कुठं आहे? कोठीत. कोठीचं मागलं दार त्याच्या अंगणात उघडतं. बाया वारुळावर, गल्ली रिकामी. कोठीत त्याचं तोंड सुताच्या गठ्ठ्यात दाबलं आणि अंगणातून त्याला मागावर नेलं.”

“काऊन?” पाटलानं विचारलं.

लक्ष्मीकांतरावांनी मास्तरांकडं हात केला. मास्तरांनी गोंधळून खडीसाखरेची पुडी काढून दिली. तिच्याभोवती हिरवा दोरा होता.

“सरकारी लड याच दोऱ्यानं बांधून येते. उत्तमराव, तुझ्या दुकानात या दोऱ्यानं पुड्या बांधतात. तू सूत आणत नाहीस म्हणतोस. मग लडी सोडल्या कुणाच्या?”

उत्तमराव खाली पाहू लागला. तो म्हणाला, म्या फक्त घेतलं. देणाऱ्याचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही.

“आता राहिलं दूध,” लक्ष्मीकांतराव म्हणाले. “मारणाऱ्यानं सगळं निर्ढावलेपणानं केलं. एकच गोष्ट त्याच्यानं झाली नाही. प्रेत खड्ड्यात सोडताना दुधाची वाटी लवंडली असती. ती त्यानं फुलासकट उचलून कोनाड्यात ठेवली. उत्तमराव कोष्टी नाही, आणि त्या दुपारी तो पाटलासमोर बसला होता. निवृत्ती पंचमीला भजी तळतो. त्यानं वाटी लाथाडली असती. हे केलं ते रीत पाळणाऱ्यानं. झुंबरबाई, वाटी कोनाड्यात होती हे तू कुणाला सांगितलंस?”

“आज सकाळी तुम्हाले अन् मास्तराईले. त्याच्या आधी कोणालेच नाही. लोक जमायच्या आत म्या ती लपवली होती.”

मास्तरांच्या हातातली माळ गळून पडली. देवळात ऐकलेलं कोनाड्याचं ते शांत वाक्य त्यांना आता आठवलं. तेव्हा आपण कानाला हात लावले होते.

“काका,” लक्ष्मीकांतराव हळूच म्हणाले, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

किसनकाकांनी कमरेच्या किल्ल्या सोडून पाटलापुढं ठेवल्या. कोठी उघडली तेव्हा वरच्या थराखाली सुताचे गठ्ठे नव्हते. कडब्याच्या पेंढ्या होत्या, वर पोती शिवलेली.

त्या दुपारी साहेबासाठी सूत नीट लावावं म्हणून उकंडराव मागल्या दारानं आत आला होता. उत्तमरावाला विकलेल्या सुताच्या जागी भरलेल्या पेंढ्या काका झाकत होते. दार उघडं राहिलं होतं. उकंड्या पाया पडला, असं ते म्हणाले. म्हणाला, काका, आजच्या आज सूत परत आणा, मी कोणाले सांगत नाही. पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, हे काकांना ठाऊक होतं. संस्था मोडली असती तर उरलेल्या गठ्ठ्यांसोबत पेंढ्याही गुपचूप निघून गेल्या असत्या.

“देवाचं दूध सांडू दिलं नाही म्या,” ते म्हणाले. जणू तेवढं तरी कुणी पदरात घालावं.

झुंबरबाई बायांमधून उठून ओट्यापाशी आली. तिचा आवाज चढला नाही.

“माझ्या भावाच्या तोंडात सूत कोंबताना तुमचा हात नाही कापला, काका. वाटीभर दुधापाशी कापला. म्या ते दूध भावासाठी ठेवलं होतं.”

पाटलानं माणूस ठाण्याकडं पाठवला. संस्था मोडायचं कुणी पुन्हा काढलं नाही, आणि साहेब आला तर त्याला कोठी आहे तशी दाखवायची, एवढंच ठरलं.

दमणी जुंपेपर्यंत मास्तर उकंडरावाच्या दारात उभे होते. आत झुंबरबाईनं कंदील लावला. भिंतीशी जाऊन तिनं गाडगं हळूच सुलटं केलं. हळदीची रेघ मोडली. तिनं त्यात पाणी ओतलं आणि तांबड्या सुताच्या कांड्या एकेक करून बुडवल्या. मागं निवृत्ती येऊन उभा होता. त्यानं वहाणा बाहेर काढल्या, खड्ड्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला नेला, आणि काळोखात पाय सोडले.