दोन व्हॅन, दहा अँपिअर

दिवा गेला तेव्हा मी तांदूळ धूत होते.

दिवा म्हणजे टेबलावरचा, पिवळ्या बल्बचा, प्लगमध्ये लावलेला. त्याच्याबरोबर हीटरही गेला, फ्रिजची घरघरही थांबली, पण मला दिसला तो फक्त दिवा. ओल्या हातांनी तशीच कॅराव्हॅनमधून बाहेर पळाले. भुरभुर पाऊस होता. विजेच्या खांबापाशी कोणीतरी वाकून मोबाइलच्या उजेडात चाचपडत होतं.

"माझा दिवा गेला!" मी ओरडले. मराठीतच. काही वेळा माणसाला भाषांतर सुचत नाही.

तो दचकून वळला. मास्क, भिजलेलं जॅकेट आणि मध्ये दोन गोंधळलेले डोळे.

"सॉरी... तुमच्याकडचीही गेली?" तोही मराठीतच बोलून गेला, आणि मग आम्ही दोघंही थबकलो. मरे नदीच्या काठी, मेंढ्यांच्या कुंपणाला लागून, असल्या पावसात...

"तुम्ही मराठी?"

"ते नंतर. आधी ब्रेकर वर करा."

"यातला कुठला?"

"एकच आहे. तो. तुमच्या नाकासमोर."

खट्ट आवाज झाला. माझ्या खिडकीत पुन्हा पिवळा उजेड उमटला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला. आपण अनवाणी आलोय हे तेव्हाच कळलं.

"हीटर आणि किटली एकदम लावलीत ना?"

"थंडी होती. चहा हवा होता. गुन्हा आहे का?"

"इथे आहे," मी म्हटलं.

ऑगस्ट २०२१ चे दिवस होते. जुलैच्या सुरुवातीला, दोन लॉकडाउनच्या फटीतून, मी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन न्यू साउथ वेल्समध्ये आले होते. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होण्यासारखं. पलीकडे व्हिक्टोरियात, पॉइंट कुकच्या घरातल्या भिंती अंगावर येत होत्या. मग व्हिक्टोरियाने सीमा बंद केली आणि मी नदीच्या या बाजूला अडकले. पलीकडचा काठ दिसायचा. तिकडच्या झाडांवरचे पांढरे काकाकुवा संध्याकाळी ओरडत इकडे यायचे आणि सकाळी परत जायचे. त्यांना परमिट लागत नव्हतं.

आमच्यासारख्या अडकलेल्यांनी कॅराव्हॅन पार्क भरून गेला होता. मॅनेजर ब्रेंडाने उशिरा आलेल्यांना मागच्या कुरणात जागा दिल्या. तिथे दोन जागांत मिळून एक जुना खांब, एक ब्रेकर आणि दहा अँपिअर. एकाचा हीटर, दोघांचे फ्रिज, माझा दिवा, एवढं कसंबसं चालायचं. आणखी एक काही लावलं की सगळं बंद. मी ब्रेंडाकडे तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "नो वरीज, लव्ह. आपसात ठरवून घ्या."

आपसात ठरवायला तोवर शेजारी कोणी नव्हतं. आता होता.

त्याचं नाव यतिन. व्हिक्टोरियातल्याच क्लेटनला शिकायला आलेला, आता तिथेच एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. नदीच्या या बाजूला, वॅगा वॅगाला, तात्पुरत्या कामावर मित्राची व्हॅन घेऊन गेला आणि परतताना सीमा बंद. हे सगळं त्याने दुसऱ्या दिवशी दीड मीटर अंतर राखून, गवतात उभं राहून सांगितलं. मग विचारलं, "एक विचारू? काल तू म्हणालीस दिवा गेला. हीटर गेला असं नाही म्हणालीस." लगेच जीभ चावली. "म्हणजे, तुम्ही."

"तूच म्हण," मी म्हटलं. आणि मग सांगितलं.

बाबा वारले होते, वाईला, त्याच आठवड्यात. करोना नव्हता, हृदय होतं. पण विमानं दोन्हीला सारखीच बंद होती. नरेंद्रकाकांनी अग्नी दिला आणि मी तो लॅपटॉपवर पाहिला, मधेच अडकणाऱ्या चित्रातून. आई फोनवर म्हणाली, "सुखदा, इथे आम्ही दिवा लावलाय. तूही तिथे लाव. दहाव्यापर्यंत विझू देऊ नकोस."

मी पणती लावली होती. व्हॅनमधला धुराचा अलार्म असा किंचाळला की ब्रेंडा धावत आली. उघडी ज्योत चालणार नाही, तिने हळू आवाजात सांगितलं. म्हणून मग टेबललॅम्प.

"बॅटरीवरचा कंदील आहे माझ्याकडे," यतिन म्हणाला. "ब्रेकर पडला तरी विझणार नाही."

मी मान हलवली. "बाबा वीज मंडळात होते. दिवेलागणीला बटण दाबायचे आणि बल्बला हात जोडायचे. पाहुण्यांदेखतसुद्धा. आजी चिडायची, तर म्हणायचे, वात असो की तार, उजेड लांबून आपल्यापर्यंत चालत येतो, त्याला नमस्कार करावा." मी थांबले. "कंदिलातला उजेड कुठून आलेला नसतो. तो कंदिलातच असतो. मला कळतंय, हे वेडेपणाचं आहे."

त्याने वाद घातला नाही. खांबाकडे बघितलं, माझ्या व्हॅनकडे बघितलं.

"मग लोड सांभाळू या," म्हणाला. "मला काहीही लावायचं असेल तर आधी तुला मेसेज करेन. तू हो म्हटल्याशिवाय बटणाला हात नाही."

"आणि तुझा हीटर?"

"माझ्याकडे डिझेलवरचा आहे. त्याला वीज नाही लागत."

असे आमचे मेसेज सुरू झाले. 'चहा. हीटर बंद करशील?' 'केला. टाक.' मग पाच मिनिटं मी गारठत बसायची आणि दारावर टकटक व्हायची. दार उघडेपर्यंत तो मागे सरकलेला असायचा आणि पायरीवर वाफाळता कप असायचा. आल्याचा वास आधी आत यायचा.

"साखर जास्त झालीय," एकदा मी दारातूनच ओरडले.

"दुःखात गोड चालतं."

"कोण म्हणतं?"

"डोळ्यांचा डॉक्टर."

"तू डॉक्टर नाहीस. चष्मे विकतोस."

"डोळे वाचतो," तो म्हणाला. "मास्कच्या जमान्यात तेवढंच तर उरलंय वाचायला. तुझे बघ... तू काल झोपलेली नाहीस."

मी दार लावून घेतलं. चहा संपेपर्यंत दाराला टेकून उभी होते. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि मला कोणाच्या तरी आवाजाची वाट बघावीशी वाटत होती. त्याची लाज वाटत होती... आणि तरीही वाट बघत होते.

नंतर आम्ही संध्याकाळी नदीकाठी चालायला लागलो. अंतर राखूनच. तो फार बोलायचा नाही. बाबांबद्दल प्रश्न मात्र विचारायचा, आणि ते वर्तमानकाळात विचारायचा. तुझे बाबा चहा कसा घेतात? क्रिकेट बघतात? मीही तशीच उत्तरं द्यायची. बशीत ओतून घेतात. बघतात, पण आवाज बंद करून.

एका सकाळी कडाक्याच्या थंडीने दहिवर गोठून गेलं होतं. गवत चालताना काचेसारखं मोडत होतं. काम सुरू होण्याआधी मी त्याच्यासाठी उपमा घेऊन गेले. बदल म्हणून आज मी टकटक करणार होते. हात वर केला आणि थांबले. त्याच्या खिडकीवर बर्फाची नक्षी होती. मी बोटाने खरवडली. निघाली नाही. नक्षी काचेच्या आतल्या बाजूला होती.

ज्या व्हॅनमध्ये रात्रभर हीटर चालतो तिच्या काचा आतून गोठत नाहीत.

मी दार जोरात वाजवलं. तो दोन जॅकेटं, लोकरी टोपी आणि वरून रजई पांघरून उभा होता. ओठ निळसर.

"डिझेलचा हीटर कुठाय?"

"आहे ना... म्हणजे मित्राच्या दुसऱ्या व्हॅनमध्ये आहे."

"यतिन!"

"हळू. ब्रेंडा येईल."

"खोटं का बोललास?"

"खरं सांगितलं असतं तर तू तुझा हीटर बंद करून मला दिला असतास. नाहीतर दोन्ही चालू ठेवले असते आणि दिवा गेला असता."

"तू गारठून मेला असतास तर?"

शब्द बाहेर पडले. मेला असतास. त्या आठवड्यात तो शब्द मी कोणासमोरच उच्चारला नव्हता. मला म्हणायचं होतं, एक गेला तेवढा पुरे आहे. म्हटलं नाही. पण तो माझे डोळे बघत होता, आणि वाचणं हेच त्याचं काम होतं.

"नाही मरत," तो हळूच म्हणाला. "उपमा दे. कोमट होतोय."

त्या दिवसापासून हीटर वाटून घेतला. एक तास त्याचा, एक तास माझा. त्याच्या तासाला मी रजईत शिरून टाइप करायची, माझ्या तासाला तो शिंकायचा. पातळ भिंतीतून ऐकू यायचं. दिवा सगळा वेळ चालू होता.

आणि मग त्याचं परमिट आलं. दहाव्याच्या आदल्याच दिवशी, दुपारी. दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत सीमा ओलांडायची, नाहीतर परमिट रद्द. तो मोबाइल हातात धरून माझ्या पायरीसमोर उभा राहिला. आनंदाची बातमी होती. दोघांनाही ती कशी सांगायची, कशी ऐकायची कळेना.

"चांगलं झालं," मी म्हटलं.

"हो. खरं तर तुझ्यासाठीच चांगलं झालं. मी गेलो की सगळे दहा अँपिअर तुझे. दहाव्यापर्यंत दिव्याला धोका नाही."

हिशेब अगदी बरोबर होता. मी मान डोलावली. मला एवढंच म्हणायचं होतं की धोका राहू दे, तू राहा. पण बाबांच्या दिव्यासमोर असं कसं म्हणणार? मी म्हटलं, "सावकाश चालव. कांगारू आडवे येतात."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुक्यात त्याने व्हॅन गाडीला जोडली. मी मास्क लावून बाहेर आले. त्याने हात पुढे केला, मग नियम आठवून कोपर पुढे केलं. माझं कोपर त्याच्या कोपराला टेकलं. एवढाच स्पर्श. दोन लोकरी बाह्यांमधून.

त्याच दुपारी वाईहून आईचा व्हिडिओ आला. कृष्णेचा घाट, पिंड, ओल्या धोतरातले नरेंद्रकाका. कावळ्याने फार वाट बघायला लावली नाही. आई म्हणाली, "झालं गं. सगळं नीट झालं. आता दिवा मालव, बाळा."

मी दिव्यासमोर बसून राहिले. बाहेर अंधारून आलं. फोन वाजला.

"दुपारीच पोचलो," यतिन म्हणाला. "आता चौदा दिवस घरात कोंडून. दहावा झाला?"

"झाला. आई म्हणतेय, मालव."

"मग?"

"हात जात नाही."

तो म्हणाला, "मी आहे फोनवर. घाई नाही कसली."

मी हात जोडले. मग बटण दाबलं. व्हॅनमध्ये अंधार झाला, आणि मी रडले. अग्नी बघताना रडले नव्हते, आता रडले. त्याने समजावलं नाही, विषय बदलला नाही. फक्त फोन ठेवला नाही. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "थंडी वाजतेय."

"हीटर लाव ना."

"लावलाय. फुल्ल. सकाळपासून बंदच केला नाही. काहीच ट्रिप होत नाहीये, यतिन."

"चांगलंय की."

"नाही... चांगलं नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तो जरा घाईघाईने बोलायला लागला, पाठ केल्यासारखा. "मी पोचल्यापासून नियम वाचत होतो. तुझं परमिट आलं की तुलाही चौदा दिवस घरात. त्यानंतर घरापासून पाच किलोमीटर. आणि क्लेटन ते पॉइंट कुक चाळीसच्या वर आहे."

"माहितीय."

"पण एक सूट आहे. जोडीदाराला भेटायला कितीही लांब जाता येतं. सुखदा, वाटेत वेस्ट गेट ब्रिजवर पोलिसांनी गाडी अडवली... आणि विचारलं, कोणाकडे चाललास... तर काय सांगू?"

मी खिडकीबाहेर बघितलं. त्याची व्हॅन होती तिथे गवत दबून फिकट पडलं होतं. नदीपलीकडे एकही दिवा नव्हता.

"खरं ते सांग," मी म्हटलं.