खोगिरातली वीतभर जागा

खोगीर निवडताना मी आधी घोड्याला विचारतो, मग स्वाराला. घोड्याच्या पाठीवर धुतलेलं पांढरं फडकं टाकायचं, वर खोगीर कसायचं आणि स्वाराला थोडा वेळ फिरवायचं. खोगीर उतरवल्यावर फडक्यावर घामाधुळीचे डाग दिसतात. डाग सगळीकडे सारखा असेल तर खोगीर बसलं. एका जागी काळपट आणि शेजारी कोरं असेल तर कुठंतरी टोचतंय. तीस वर्षांत फडक्यानं मला फसवलेलं नाही.

त्या दुपारी गाडीत तीन खोगिरं टाकून मी तबेल्याकडे निघालो. वर्षभर मी तिकडे फिरकलो नव्हतो. मालकांची थोरली मुलगी तांबड्या घोडीवरून पडली होती. डावा पाय रिकिबीत अडकला आणि घोडीनं तिला कुंपणापर्यंत फरपटत नेलं. ती वाचली नाही. खोगीर मी केलेलं होतं.

रिकिबीचा पट्टा खोगिराच्या ज्या आकड्यात असतो, त्याच्या टोकाला खटका असतो. तो उघडा ठेवायचा, म्हणजे स्वार पडला की पट्टा रिकिबीसकट सुटून येतो. थोरलीच मागे लागली होती, "काका, सरावात पट्टा सारखा सुटतो, काहीतरी करा ना." मी खटका बंद करून दिला. "आता बिनधास्त बस," म्हणालो. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. अपघातानंतर खोगीर तपासायला माझ्याकडेच आलं. मी खटका उघडला आणि मालकांना सांगितलं, "खोगीर ठीक आहे." त्या तीन शब्दांची मला अजून लाज वाटते.

मालक रिंगणाच्या फाटकापाशी उभे होते. वर्षात बरेच खंगले होते.

"पाच वाजता व्यापाऱ्याचा ट्रक येतोय, तांबडीला न्यायला," ते म्हणाले. "मोकळी असली की गरीब गाय आहे. धाकटी वर बसली की लाथा झाडते. आज जमलं तर जमलं, नाहीतर मला ही नकोच."

धाकटी अकरा वर्षांची. घोडीच्या मानेला गाल लावून ती म्हणाली, "तिला दुखतंय काका. ती वाईट नाहीये."

पहिलं खोगीर धाकटीच्या मापाचं होतं. घोडी दहा पावलं चालली आणि थरथरायला लागली. मी फडकं काढून पाहिलं. पुढचा डाग झकास होता. पण खोगिराची कड जिथं संपत होती, तिच्याही चार बोटं मागे आणखी एक डाग पडला होता, दोन तळहातांएवढा. तिथं काहीच टेकत नव्हतं.

फडकं सरकलं असणार. दुसरं कोरं फडकं घेतलं, नाडीनं घट्ट बांधलं आणि मधलं खोगीर चढवलं. तांबडीनं दोनदा लाथ झाडली. डाग त्याच जागी पडला, पहिल्यापेक्षा गडद. मी पाठीवर हात ठेवला. तिथले केस दबले होते आणि कातडी गरम होती.

"इथं काही सामान बांधलं होतं का?"

"छे," मालक म्हणाले.

"ताई मला पुढे बसवायची," धाकटी म्हणाली, "आणि स्वतः मागे बसायची."

"ते तेव्हा," मालक घाईघाईनं म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले. साडेचार झाले होते.

"काका, ते मोठं लावा ना."

तिसरं खोगीर चांगल्या दणकट माणसाचं होतं, गाडीत उगाच आलं होतं. "अगं, त्यात तू डब्यातल्या चण्यासारखी खुळखुळशील," मी म्हणालो. पण फडक्याचं ऐकायची सवय मला सोडेना. घोडीची पाठ लांब, त्यामुळे ते मावलं. मी रिकिबीचे पट्टे सहा भोकं आखूड केले.

धाकटी चढली आणि आपणहून अगदी पुढे सरकून बसली. तिच्यामागे वीतभर जागा उरली.

तांबडीनं मोठा श्वास सोडला. मग ती चालू लागली, मान खाली सोडून. दुसऱ्या फेरीला तिनं दुडकी धरली. धाकटी हसत होती. मालकांनी रुमाल काढून डोळे पुसले. फाटकाशी ट्रक आला तेव्हा त्यांनी हातानंच त्याला परत जायला सांगितलं.

मला हायसं वाटायला हवं होतं.

धाकटी माझ्यापाशी येऊन थांबली. "काका, आता हिला पळवू?"

"पळव की."

तिनं मान मागे वळवली, क्षणभर ऐकलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"ताई विचारतेय, खटका या वेळी उघडा ठेवलाय ना?"

"कसला खटका?" मालक म्हणाले.

मी उजवीकडचा कातडी पदर उचलला. खटका उघडा होता.

घोडीच्या तोंडासमोरून वळसा घालून मी डावीकडे गेलो. पट्टा आखूड करताना अंगठ्यानं थोरलीच्या वेळच्या सवयीनं खटका दाबला होता.

डावा बंद होता.

मी तो उघडला.

"काय झालं?" मालक जवळ आले. "खोगीर ठीक आहे ना?"

वर्षापूर्वीही हाच प्रश्न. ह्याच आवाजात.

तांबडीचे दोन्ही कान मागे वळले. धाकटी जराही हलली नव्हती. तिच्यामागचं मोकळं कातडं हळूच करकरलं, कुणी ऐकायला पुढे वाकावं तसं.